काब्राल यांची ‘वर्गीय आत्महत्या’ आणि गोवा

प्रश्न : पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते आमिल्कार काब्राल यांनी सुशिक्षित मध्यमवर्गाने ‘वर्ग म्हणून आत्महत्या’ करावी असे म्हटल्याचे वाचनात आले. हा निव्वळ मार्क्सवादी पोथीतला आवेश आहे, की त्यामागे काही अनुभव आहे? पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्याशी त्यांच्या चळवळीचा कधी संबंध आला होता का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : काब्राल पोथीपेक्षा शेताच्या बांधावर अधिक शिकले, असे म्हणावे लागते. त्यांचा जन्म १९२४ मध्ये पोर्तुगीज गिनीतील (आजच्या गिनी-बिसाऊतील) बाफाता येथे, केप व्हर्ड या पोर्तुगीज अमलाखालच्या बेटांवरून आलेल्या कुटुंबात झाला. लिस्बनमध्ये कृषिशास्त्र शिकून ते परतले आणि १९५३ मध्ये वसाहत सरकारचे नोकर म्हणून त्यांनी गिनीची कृषी-गणना केली. गावोगाव फिरून कोण काय पिकवतो, कोणाच्या हाती किती उरते, कोण कोणापुढे वाकतो, हे त्यांनी टिपून घेतले. भरतीचे खारे पाणी मातीच्या बांधांनी अडवायचे, पावसाच्या पाण्याने जमिनीतले मीठ धुऊन काढायचे आणि मग भात लावायचे, ही बालांता लोकांची रीत आपणा गोवेकरांना खाजन शेतीमुळे वेगळी समजावून सांगायला नको. या बालांतांमध्ये वंशपरंपरेने चालत आलेले सरदार नव्हते. फुला समाजात मात्र होते, आणि पोर्तुगीजांनी त्यांना हाताशी धरले होते. पुढे लढा पेटला तेव्हा बालांता मोठ्या संख्येने त्यात उतरले आणि फुला सरदारांपैकी बहुतेक सरकारच्या बाजूला राहिले, याचे काब्राल यांना फारसे आश्चर्य वाटले नसावे.

तरीही शेतकरी आपोआप क्रांतिकारक होतो, हे त्यांनी मान्य केले नाही, आणि येथे त्यांची वाट अल्जीरियाच्या लढ्यातले विचारवंत फ्रांझ फॅनन यांच्यापेक्षा वेगळी होते; फॅनन शेतकऱ्यालाच क्रांतीचा कणा मानत. अल्जीरियात गोऱ्या वसाहतवाल्यांनी जमिनी बळकावल्या होत्या. गिनीत तसे घडले नव्हते. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा तेथे कोणाला हलवू शकली नसती, कारण जमीन गावाचीच होती. लूट होत होती ती करांतून आणि भुईमुगाला मिळणाऱ्या पडेल भावातून, म्हणजे सहजी डोळ्यांना न दिसणाऱ्या मार्गाने. उलट शहरातल्या कारकुनाला आणि दुकानातल्या नोकराला गोऱ्या साहेबाचा पगार व आपला पगार यांतला फरक रोजच दिसे, अपमानही रोजच गिळावा लागे. म्हणून वसाहतवादाची जाणीव प्रथम या लहानशा मध्यमवर्गात आणि बिसाऊच्या मजुरांत झाली. ३ ऑगस्ट १९५९ रोजी पिजिगिती धक्क्यावर संप करणाऱ्या गोदी कामगारांवर गोळीबार होऊन सुमारे पन्नास जण मारले गेले, त्यानंतर काब्राल यांच्या पक्षाने (पीएआयजीसी) शहर सोडून खेड्यांची वाट धरली.

आता आपल्या मूळ शंकेकडे येऊ. जानेवारी १९६६ मध्ये हवाना येथील परिषदेत काब्राल यांनी मांडलेला विचार थोडक्यात असा : परकी सत्ता गेली की राज्ययंत्र चालवता येणारा वर्ग एकच उरतो, तो म्हणजे कचेरीत मुरलेला मध्यमवर्ग. त्याच्यापुढे दोनच वाटा असतात. एक तर साहेबाच्या खुर्चीत बसून क्रांतीशी दगा करायचा, नाही तर वर्ग म्हणून स्वतःला संपवून कष्टकऱ्यांच्या आकांक्षांशी एकरूप व्हायचे. मराठीत ‘वर्गविसर्जन’ म्हटले तर अर्थ जवळ येतो, परंतु मूळ शब्दातला चटका उरत नाही. काब्राल स्वतः याच वर्गातले होते, त्यामुळे हे इतरांना केलेले उपदेशवजा भाषण नव्हते. शिवाय असे घडेलच, याची हमी त्यांनी दिली नाही. हा प्रश्न शेवटी नीतीच्या प्रांतात जातो, असे त्यांनी त्याच भाषणात मान्य केले. माझ्या मते त्यांच्या विचाराचा हा सर्वांत प्रामाणिक आणि सर्वांत कच्चा दुवा आहे. २० जानेवारी १९७३ रोजी शेजारच्या गिनी प्रजासत्ताकाची राजधानी कोनाक्री येथे त्यांच्याच पक्षातल्या माणसांनी त्यांची हत्या केली. सप्टेंबर १९७३ मध्ये देशाने स्वातंत्र्य जाहीर केले आणि १९८० च्या लष्करी बंडानंतर गिनी-बिसाऊ व केप व्हर्ड यांना एकत्र ठेवण्याचे त्यांचे स्वप्नही मोडले.

गोव्याशी संबंध आला होता, आणि तो केवळ सहानुभूतीचा नव्हता. पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांची राजवट गोवा, गिनी, अंगोला या सर्वांना ‘सागरपार प्रांत’ म्हणत असे, तेव्हा त्यांच्या चळवळींनीही एकत्र येणे स्वाभाविक होते. एप्रिल १९६१ मध्ये कासाब्लांका येथे पोर्तुगीज वसाहतींतल्या राष्ट्रवादी संघटनांची जी संयुक्त परिषद स्थापन झाली, तिच्यात काब्राल यांच्या पक्षाबरोबर गोव्याचे प्रतिनिधीही होते. तिच्या कामात आघाडीवर असलेले आकिनो द ब्रागांसा मूळचे आपल्याच बार्देश तालुक्यातले. गोवा मुक्त झाल्यावरही ते आफ्रिकेतच राहिले, पुढे मोझांबिकची राजधानी मापुतो येथील एदुआर्दो मोंडलाने विद्यापीठाच्या आफ्रिकी अभ्यास केंद्राचे प्रमुख झाले, आणि ऑक्टोबर १९८६ मध्ये मोझांबिकचे अध्यक्ष सामोरा माशेल यांच्यासोबत त्याच विमान अपघातात मरण पावले.