कुंडीतला पिवळा मिनी गुलाब पावसाळ्यात पाने का गाळतो?

आपण विचारले आहे की, पुण्यातील सदनिकेच्या पूर्वेकडच्या चार फूट रुंद गॅलरीत पिवळे मिनी गुलाब टिकतील का, आणि मागच्या वर्षी आणलेल्या रोपाची ऑगस्टपर्यंत सगळी पाने गळून नुसत्या काड्या का उरल्या. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: सकाळचे पाच-सहा तास ऊन मिळत असेल तर नक्की टिकतील. दुसऱ्याचे उत्तर मात्र लांबून द्यावे लागेल, कारण ते आपल्या गॅलरीत नव्हे तर इराणच्या बाजूला सुरू होते.

युरोपातल्या वारंवार फुलणाऱ्या बागेतील गुलाबांत पूर्वी गडद पिवळा रंग नव्हता. होता तो फिकट, लोण्यासारखा. फ्रान्समधील ल्यों येथील जोसेफ पेर्ने-द्युशे यांनी पश्चिम आशियातील ‘रोझा फेटिडा’ या जातीच्या दुहेरी पाकळ्यांच्या ‘पर्शियन यलो’ या प्रकाराशी संकर करत १९०० साली ‘सोले दॉर’ हा गुलाब आणला, आणि त्या घराण्यातून गडद पिवळा रंग आजच्या गुलाबांत पसरला. रंगासोबत एक खोडही आली. फेटिडा ही कोरड्या हवेची वनस्पती असल्यामुळे पानांवर काळे ठिपके पाडणाऱ्या बुरशीपुढे ती फारच दुबळी असते, आणि हा दुबळेपणा तिच्या वंशजांत कमीअधिक प्रमाणात उतरला. मिनी गुलाबांत पिवळा रंग आला तो पुढे. स्पेनमधील पेद्रो दोत यांचा ‘बेबी गोल्ड स्टार’ १९४० सालचा, तर कॅलिफोर्नियातील राल्फ मूर यांचा ‘राइझ अँड शाइन’ १९७७ सालचा. आपल्या रोपवाटिकांत मात्र ही नावे क्वचितच ऐकू येतात. तिथे ‘पिवळा बटण’ किंवा ‘पिवळा काश्मिरी’ एवढेच सांगितले जाते, त्यामुळे आपले रोप नेमके कोणत्या वाणाचे आहे यावर डोके शिणवण्यात अर्थ नाही. ते पिवळे आहे, एवढी माहिती सावध राहायला पुरते.

आपल्या रोपाच्या खालच्या पानांवर आधी काळपट, कडा विस्कटलेले गोल डाग पडले असतील, मग डागांभोवती पान पिवळे झाले असेल आणि हात लागताच गळले असेल. तसे असेल, तर हीच ती बुरशी. तिचे बीजाणू रुजायला पान सलग सात-आठ तास ओले राहावे लागते, आणि पुण्यात जुलैमध्ये पान दिवसच्या दिवस ओलेच असते. माझ्याकडे पहिल्या वर्षी दोन रोपे होती आणि मी मोठ्या मायेने रोज संध्याकाळी झारीने त्यांना वरून आंघोळ घालत असे, म्हणजे पावसाने जे व्हायचे ते मी मेमध्येच सुरू करून दिले होते. दोन्ही रोपे गेली. तेव्हापासून माझा एकच मुख्य नियम आहे: पाणी मातीला द्यायचे, पानाला नाही, आणि तेही सकाळी, म्हणजे चुकून शिंतोडे उडालेच तरी दुपारपर्यंत वाळतात. पावसाळ्यात कुंड्या कठड्यावरून काढून भिंतीकडे, छज्जाखाली ओढाव्यात. मिनी गुलाबाची आठ-दहा इंचांची कुंडी एका हाताने हलते, हा जमिनीतल्या गुलाबापेक्षा आपल्याला असलेला मोठा फायदा आहे आणि तो न वापरणे हा करंटेपणा ठरेल. कुंड्यांमध्ये वीतभर अंतर असावे, म्हणजे वारा खेळतो. गळलेली पाने त्याच दिवशी उचलून कचऱ्यात टाकावीत, कंपोस्टमध्ये नको; पावसाचा थेंब अशा पानावर आपटला की बीजाणू उडून थेट खालच्या फांदीवर बसतात. बुरशीनाशक वापरायचे असल्यास मॅन्कोझेब एका लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात, जूनच्या सुरुवातीला आणि पुढे उघडीप मिळेल तसे दहा-पंधरा दिवसांनी, पानांच्या दोन्ही बाजूंना फवारावे. तोंडाला रुमाल, हातात मोजे, आणि वाऱ्याच्या दिशेला शेजाऱ्यांचे कपडे वाळत नाहीत ना, हे पाहून. ते डाग पडायच्या आधी कामाचे आहे. पडलेला डाग कशानेही पुसला जात नाही.

आता माती, कारण निम्मी रोपे बुरशीने नव्हे तर मुळाशी गुदमरून मरतात. रोपवाटिकेतून आलेल्या पिशवीत बहुधा लाल चिकणमातीचा गोळा असतो, जो वाळला की विटेसारखा होतो. तो गोळा तसाच नव्या भुसभुशीत मातीत बसवला, तर आपण घातलेले पाणी गोळ्याच्या बाजूने वाहून तळातून निघून जाते आणि आतली मुळे कोरडीच राहतात. बशीत पाणी दिसते म्हणून आपण समाधानी, आणि रोप मात्र तहानलेले. त्यासाठी लावण्यापूर्वी गोळा बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावा, बाहेरची निम्मी माती बोटांनी अलगद सोडवावी आणि मगच रोप बसवावे. हे काम थंडीत करावे, कडक उन्हाळ्यात मुळांना डिवचू नये. कधीकधी एका कुंडीत तीन-चार काड्या वेगवेगळ्या मुळांवर उभ्या दिसतात. दाट दिसावे म्हणून एकत्र लावलेली ती स्वतंत्र रोपे असतात. दाटीत हवा अडकते, म्हणून मी ती सुटी करून वेगवेगळी लावतो, एखादे दगावते, पण उरलेली चांगली वाढतात.

मिश्रणासाठी दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट आणि थोडी जाड वाळू, त्यात मूठभर निंबोळी पेंड, एवढे पुरते. काळी माती एकटी वापरू नये; ती पाणी धरून ठेवते आणि उन्हात भेगाळते. बोअरच्या जड पाण्यावर रोप वाढवत असाल तर वर्षभरात नवी पाने पिवळट आणि शिरा तेवढ्या हिरव्या असे दिसू लागेल. हा रोग नव्हे, क्षार साठल्यामुळे मुळांना लोह घेता येत नाही. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज घेता येईल अशा रूपातले लोह, पाकिटावरील प्रमाणात द्यावे आणि जमेल तेव्हा पावसाचे पाणी साठवून वापरावे. पाणी किती द्यायचे हे ठरवायला तारखा नकोत. बोट पेराएवढे मातीत खुपसावे, कोरडे लागले तर तळातून निथळेपर्यंत द्यावे आणि बशीत साचलेले ओतून टाकावे.

छाटणी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास करावी. मोठ्या गुलाबाला करतात तशी कठोर छाटणी मिनीला नको. वाळलेल्या आणि काळ्या पडलेल्या काड्या हिरवे खोड दिसेपर्यंत काढाव्यात आणि बाकीची उंची एक-तृतीयांश उतरवावी. साधारण सहा-सात आठवड्यांनी फुले येतात, म्हणजे थंडी सुरू होता होता. पिवळा रंग खरा दिसतो तो त्याच दिवसांत. एप्रिल-मेमध्ये तेच फूल लहान येते आणि दुपारपर्यंत पांढुरके होते, त्यात रोपाचा दोष नसतो. दुपारी बाराच्या पुढे हिरव्या जाळीची सावली केली तर थोडा रंग राहतो. सुकलेले फूल खाली पहिले पाच पर्णिकांचे (छोट्या पानांचे) पान येते तिथे, त्याच्या किंचित वर कापावे. मिनीत मात्र फांद्या इतक्या बारीक असतात की मी पुष्कळदा नुसते फूलच खुडतो, आणि त्याने काही बिघडल्याचे मला दिसलेले नाही. खत म्हणून फुलांच्या हंगामात पंधरा दिवसांतून एकदा १९:१९:१९, म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेले पाण्यात विरघळणारे खत, एका लिटरला एक ग्रॅम, ओल्या मातीत.

उन्हाळ्यात पानांच्या खाली धुळीसारखे लाल कोळी येतात आणि पाने राखट होतात. तेव्हा मात्र माझा मुख्य नियम बाजूला ठेवून पानांची खालची बाजू सकाळी पाण्याच्या बारीक धारेने धुवावी, कारण कोळ्याला कोरडेपणा आवडतो आणि त्या हवेत पान तासाभरात वाळते. फुलकिडे पिवळ्या, पांढऱ्या अशा फिकट रंगांकडे जास्त येतात. पाकळ्यांच्या कडा तपकिरी, अर्धवट उमललेली कळी, ही त्यांची खूण. अशा कळ्या तोडून टाकाव्यात.

नवे रोप जूनमध्ये आणू नका. पहिल्या पावसानंतर रोपवाटिका हिरव्यागार दिसतात आणि मोह होतो खरा, पण तेव्हा आणलेले पिवळे रोप आपल्या गॅलरीत रुळण्याआधीच बुरशीच्या तावडीत सापडते. दिवाळीनंतर आणा. फुले मोजून घेण्यापेक्षा पिशवीच्या बुडाशी वाकून सर्वांत खालची पाने पाहा: ती हिरवी, निडाग आणि अजून फांदीला धरून असतील, तर कळी एकही नसली तरी तेच रोप उचला.