वीस चाली, तीस चाली

नाशिक

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. परवा गंगापूर रोडला मिसळ खाताना तू म्हणालीस, "सर, क्वांटम कॉम्प्युटर आला की सगळे खेळ सुटलेच." तेव्हा तोंडात पाव होता, म्हणून उत्तर आज.

आधी द्राक्षं घे. सीझन आहे. ३, ५ आणि ७ असे तीन ढीग कर. आळीपाळीने कुठल्याही एका ढिगातून हवी तेवढी उचलायची, शेवटचं उचलेल तो जिंकला. (उचललेली खायची, हा नियम माझा.) आकडे बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, एकाखाली एक लिही: ०११, १०१, १११. प्रत्येक उभ्या रांगेतले १ सम झाले पाहिजेत. उजवीकडे तीन आहेत, म्हणून ३ च्या ढिगातून एक द्राक्ष उचल. झालं! गणितज्ञ बाउटनने हे १९०१ साली सिद्ध केलं. इथे क्वांटम येऊन काय करणार?

प्रश्न येतो तो असं सूत्र नसलेल्या खेळांत. समज, दर वेळी दोनच चाली आणि खेळ वीस चालींचा. सगळ्या शक्यतांचं झाड काढ: दर चालीला दोन फांद्या, टोकाला १०,४८,५७६ पानं, म्हणजे संपलेले डाव. समोरच्याला हरत्या जागी ढकलणारी एक तरी चाल असेल, तर तुझी जागा जिंकती. ती सापडली की दुसरी फांदी बघायचीच नाही. कुठली फांदी आधी, हे नाणं उडवून ठरव. वाईटात वाईट झाडालाही सरासरी ३४ हजारांच्या आसपास पानांत भागतं. यात क्वांटमचं काही नाही.

२००७ मध्ये फार्ही, गोल्डस्टोन आणि गटमन या संशोधकांनी हेच झाड एका लांब रेषेला जोडलं आणि रेषेवरून क्वांटम लाट सोडली. लाट परतली की पार गेली, यावरून कोण जिंकणार ते कळतं. हे समजेपर्यंत माझा चहा दोनदा गार झाला. खर्च पानांच्या वर्गमुळाच्या पटीत, म्हणजे १,०२४ च्या हिशेबात.

आता ३४ हजारांचा वर्ग कर. साधारण तीस चालींच्या झाडाची पानं येतील. म्हणजे तेवढ्याच खर्चात क्लासिकल, म्हणजे आपला साधा कॉम्प्युटर, वीस चाली खोल जातो, तर क्वांटम तीस. दीडपट! तेही वर्गमुळाला गुणणारा स्थिर आकडा सोडून आणि यंत्र न चुकता चाललं तर. मला ही दीडपट फार मोलाची वाटते, पण "सगळे खेळ सुटले" म्हणजे हे नव्हे.

रविवारी पायथनमध्ये त्या झाडाचा प्रोग्रॅम लिही. प्रत्येक जिंकत्या जागेला जिंकणारी चाल एकच ठेव, नाहीतर आकडा उगाच कमी येईल. पानं मोजायला काउंटर लाव आणि सोमवारी आकडे घेऊन ये. द्राक्षं उरली तर तीही आण.

तुझे सर