वाचकांचे प्रश्न : विश्वासात येणे आणि विश्वासात वाढणे

ठाणे आणि नवी मुंबईतून या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : मी ऐरोलीला राहते व तिथेच नोकरी करते. आठ महिन्यांपूर्वी मैत्रिणीबरोबर एका प्रार्थनासभेला गेले असता पाळकांच्या (पास्टरांच्या) मागोमाग मीही प्रार्थना केली. मी खूप रडले आणि पुढचे काही आठवडे मन अगदी हलके होते. आता तसे काही वाटत नाही. पवित्र शास्त्र उघडले की लक्ष उडते. मी खरोखर ख्रिस्ती झाले आहे का? मंडळीतले (चर्चमधले) लोक येत्या रविवारीच बाप्तिस्मा घे म्हणतात. घ्यावा का?

उत्तर : त्या दिवशीचे आपले रडणे कितपत खरे होते, याचा निवाडा करीत बसू नका. नव्या करारातील रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात प्रेषित पौल दोनच गोष्टी मागतो : येशू प्रभू आहे असे मुखाने कबूल करणे आणि देवाने त्याला मेलेल्यांतून उठवले असा अंतःकरणात विश्वास धरणे. आज, मन कोरडे असताना, ख्रिस्त माझ्या पापांसाठी मरण पावला व उठला आणि माझ्या आयुष्यावर त्याचा हक्क आहे, हे मला मान्य आहे का, एवढेच स्वतःला विचारा. उत्तर अडखळत का होईना, पण ‘होय’ असेल, तर आपण त्याच्या आहात. आजारी मुलाला घेऊन आलेल्या बापाने आपला विश्वास आणि आपला अविश्वास दोन्ही एकाच दमात येशूपुढे मांडले होते. येशूने त्याला तसेच परत पाठवले नाही, मुलाला बरे केले. मार्ककृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात ही हकिकत आहे, ती आजच वाचा.

प्रत्येकाचा क्रम सारखा नसतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये वाँटेज येथे १८८३ साली झाला. परंतु आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त मात्र पुढे सुमारे आठ वर्षांनी गवसला, अशी साक्ष त्यांनी स्वतः दिली आहे. एवढ्या विदुषीला, एवढ्या धैर्याच्या स्त्रीला आठ वर्षे लागली. मग आपण आठ महिन्यांत निराश का व्हावे?

लक्ष उडते, तर थोडे वाचा. मार्ककृत शुभवर्तमान सोळाच अध्यायांचे आहे. रोज अर्धा अध्याय आणि त्यानंतर पवित्र शास्त्रातील स्तोत्रसंहितेतले एखादे स्तोत्र मोठ्याने वाचा, कारण स्तोत्रे लिहिणाऱ्यांनी आपल्यासारखेच कोरडेपण देवापुढे न लपवता मांडले आहे. वाढ झाली की नाही, हे सभेत मन किती भरून आले यावरून पाहू नका. ज्या सहकाऱ्याशी आपले बिनसले आहे त्याच्याविषयी बोलताना जीभ आवरते का, चूक झाली तर ती कबूल करता येते का, हे पाहा.

बाप्तिस्मा जरूर घ्या, पण येत्या रविवारी घेऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. घाई करणारे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातील कूशी (इथिओपियाच्या) अधिकाऱ्याचे उदाहरण देतात, कारण त्याला फिलिप्पाने भेटीच्या वेळीच, वाटेतच बाप्तिस्मा दिला. परंतु तो अधिकारी यरुशलेमेला उपासनेसाठी जाऊन आला होता, रथात बसून यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचत होता आणि फिलिप्पाने त्याला त्या वचनाचा अर्थ उलगडून सांगितला होता. प्राचीन मंडळीत बाप्तिस्म्यापूर्वीचे शिक्षण कधी कधी तीन वर्षे चाले. आजही कॅथलिक धर्मग्रामांत (पॅरिशांत) प्रौढांना कित्येक महिने शिकवून बहुधा पुनरुत्थान सणाच्या (ईस्टरच्या) जागरणविधीत स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, दिला जातो, आणि प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही जबाबदार पाळक आधी वर्ग घेतात. ‘मला आधी शिकवा’ असे आपण सांगा. जो पाळक आनंदाने शिकवील त्याच्याकडे राहा. मात्र नोकरी, पैसा किंवा आजार बरा होण्याची हमी बाप्तिस्म्याला जोडली जात असेल, तर ती मंडळी त्याच दिवशी सोडा.

प्रश्न : मी कळव्याला आईबरोबर राहतो. वडील वारले आहेत. माझा बाप्तिस्मा होऊन वर्ष झाले, पण आईला सांगितलेले नाही. घरच्या गणपतीत थोरला म्हणून पूजेला मीच बसायचो. गेल्या वर्षी कामाचे निमित्त काढून बाहेर राहिलो. यंदा काय करू? प्रसाद घेतला तर पाप लागेल का?

उत्तर : प्रसादाचा प्रश्न आपण शेवटी विचारला आहे आणि मीही तो शेवटी घेतो, कारण आपल्या विश्वासाला खरा अडसर त्याचा नसून आईपासून लपवण्याचा आहे. एक खोटे कारण गेल्या वर्षी सांगितले, यंदा दुसरे शोधावे लागेल, आणि असे करता करता आईला सत्य एखाद्या शेजाऱ्याच्या तोंडून कळेल. ज्या ख्रिस्ताने स्वतःला सत्य म्हटले त्याच्या मागे चालणाऱ्या मुलाकडून तिच्या वाट्याला हे येऊ नये.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईत १० फेब्रुवारी १८९५ रोजी झाला. त्या बातमीने त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची काय अवस्था झाली, हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवले आहे, आणि घरात सांगण्याचे टाळणाऱ्या प्रत्येक नवख्रिस्ती माणसाने ती पाने वाचावीत असे मला मनापासून वाटते. पतिपत्नींची कित्येक वर्षे ताटातूट झाली. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे लगेच सोडले नाही. जातिभेदाविषयी त्यांचे मन पालटले ते त्यांच्याच विचाराने, त्यांच्याच गतीने, आणि त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. टिळकांच्या श्रद्धेविषयी मला नितांत आदर आहे. तरीही त्या वर्षांचा भार कोणी वाहिला, हे विसरता येत नाही.

म्हणून आईला सांगा, आणि गणपतीच्या कितीतरी आधी सांगा. पाहुणे घरात असताना नको, तिची तब्येत बरी नसताना नको, दारात उभे राहून तर नकोच. शेजारी बसून, ख्रिस्ताने आपल्यासाठी काय केले एवढेच बोला. तिच्या देवांविषयी एक वावगा शब्द काढू नका. आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यावे, पण ते सौम्यतेने व आदराने द्यावे, असे पेत्र आपल्या पहिल्या पत्रात लिहितो. ती रडेल, ‘तुझ्या बापाचे पाणी कोण देणार’ असे विचारील, कदाचित काही दिवस बोलणारही नाही. त्या वेळी वाद घालू नका. तिची औषधे आणा, बिल भरा, संध्याकाळी वेळेवर घरी या. आईबापांचा मान राखण्याची आज्ञा दहा आज्ञांपैकी एक आहे आणि ती बाप्तिस्म्याने रद्द होत नाही. धर्म बदलला म्हणून मुलगा दुरावला, असे वाटण्याचे कारण तिला देऊ नका.

पूजेला मात्र बसू नका. ती उपासना आहे, आणि मनात नसलेली उपासना हातांनी करणे हा आईच्या श्रद्धेचाही अपमान आहे. तो मान भावाला किंवा काकांना द्या आणि तसे त्यांना आधीच कळवा. घराची साफसफाई, बाजारहाट, आल्यागेल्याचे चहापाणी ही कामे मुलाची आहेत. ती अंगावर घेऊन करा.

आता प्रसाद. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या व दहाव्या अध्यायांत पौल हाच विषय हाताळतो. अन्न आपल्याला देवाजवळ नेत नाही किंवा दूरही करत नाही, असे तो एकीकडे म्हणतो. दुसरीकडे, मूर्तीच्या पूजेत वाटेकरी होऊ नका आणि आपल्या खाण्याने दुसऱ्याच्या विवेकाला ठेच लागू देऊ नका, असेही बजावतो. पाळकांमध्ये याबाबत मतभेद आहेत. आईच्या हातचा मोदक जेवणाच्या ताटात आला आणि आपण तो केवळ आईचे जेवण म्हणून खाल्ला, तर माझ्या मते त्यात पाप नाही. पूजेनंतर देवाचा प्रसाद म्हणून कोणी हातावर ठेवला, तर हात जोडून नम्रपणे नको म्हणावे. आपला विवेक याहून कडक असेल, तर विवेकाचे ऐका.

प्रश्न : बाप्तिस्म्याच्या वेळी नाव बदलावेच लागते का? (एक वाचक, नेरूळ)

उत्तर : नाही. टिळक नारायण वामनच राहिले आणि लक्ष्मीबाई लक्ष्मीबाईच. नव्या करारातील अपुल्लोस, फिबी आणि एपफ्रदीत यांची नावे ग्रीक दैवतांवरून आलेली आहेत, आणि ती बदला असे पौलाने कुठेही म्हटलेले नाही. कोणाला हौसेने नवे नाव घ्यायचे असेल तर हरकत नाही. सरकारी कागदपत्रांतील नाव बदलणे ही वेगळी प्रक्रिया आहे, तिचा बाप्तिस्म्याशी संबंध नाही.

प्रश्न : मी घणसोलीला राहतो आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका कारखान्यात पाळीने काम करतो. रविवारी बहुधा ड्युटी असते, म्हणून उपासना मोबाइलवर पाहतो. कोपरखैरण्याला शनिवारी पाच-सहा कुटुंबांची गृहसभा भरते; पण ती खरी मंडळी वाटत नाही. माझी वाढ खुंटली आहे असे वाटते.

उत्तर : वाढ खुंटली आहे असे आपल्याला वाटते, ते बरोबरच आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या चार सवयी नोंदवल्या आहेत : शिक्षण, सहवास, भाकर मोडणे (म्हणजे प्रभुभोजन, ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर वाटून घेण्याचा विधी) आणि प्रार्थना. यांपैकी शिक्षण मोबाइलवर मिळू शकते. प्रभुभोजन मिळत नाही, आणि आपण तीन आठवडे दिसला नाहीत म्हणून फोन करणारा माणूसही मिळत नाही.

गृहसभेला कमी लेखू नका. फिलेमोनाला लिहिताना पौल त्याच्या घरातल्या मंडळीला सलाम पाठवतो. आपल्या ठाण्यातही १३२१ साली फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाचे धर्मबंधू आले, तेव्हा ते इथल्याच एका नेस्टोरियन (पौर्वात्य पंथाच्या) ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी उतरले होते. त्यांपैकी चौघे पुढे इथेच हुतात्मे झाले. त्यांच्या अस्थी घेऊन गेलेल्या ओदोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाच्या प्रवासवर्णनात ठाण्यात अशी पंधरा घरे असल्याची नोंद आहे. पंधरा घरांचीच ती मंडळी होती, पण दुरून आलेल्यांसाठी तिचे दार उघडे होते.

मात्र ती गृहसभा कोणत्या मंडळीशी जोडलेली आहे, तिथे प्रभुभोजन कोण देतो, शिकवणाऱ्याला चूक दाखवणारे कोणी आहे का आणि दानाचा हिशेब सर्वांपुढे ठेवला जातो का, हे विचारून घ्या. चांगल्या लोकांना या प्रश्नांचा राग येत नाही. आपण कॅथलिक असाल, तर अनेक चर्चमध्ये शनिवारी संध्याकाळी होणारा मिस्सा (उपासनाविधी) रविवारचाच धरला जातो, त्याची वेळ धर्मग्रामाच्या कार्यालयात विचारा. आणि गृहसभेला पहिल्यांदा जाल तेव्हा आपल्या महिन्याभराच्या पाळ्यांचे वेळापत्रक त्यांना लिहून द्या, म्हणजे आपली रात्रपाळी असेल त्या आठवड्यात त्यांना सभेची वेळ पुढेमागे करता येईल.