आधी फेडू, मग येऊ?

पत्र: "ताई, सलाम. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीत मी लहानाचा मोठा झालो. वय ३८. तरुण संघाचा खजिनदार होतो. मोबाइलवर पैसे लावून रमी खेळायची सवय लागली. पगार गेला, बायकोचे दागिने गहाण पडले, आणि शेवटी मंडळीची वर्गणी, १ लाख ४० हजार रुपये, तीही त्यात गेली. हिशेबाच्या वेळी सगळं उघडं पडलं. बायको मुलांना घेऊन माहेरी गेली. गेल्या नाताळापासून खेळलेलो नाही. रविवारी चर्चच्या समोर गाडी लावून बाहेरूनच गायनं ऐकतो. मंडळीच्या एका पंचांनी सांगितलं, 'आधी पैसे भर, मग तोंड दाखव.' आई म्हणते, चल. पण करिंथकरांस पहिल्या पत्रातला अकरावा अध्याय आठवतो, अयोग्य रीतीने प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली प्रभूच्या आठवणीची भाकर, घेणारा दोषी ठरतो, आणि पाय उचलत नाही. शिष्यांच्या पैशांची थैली येशूला धरून देणाऱ्या यहूदाकडे असायची, तशी माझ्याकडे होती. मी यहूदाच. माझ्यासारख्याला पापातून तारण आहे का? की सगळं फेडून मगच यावं? आणि देवानं क्षमा केली असेल तर बायकोची समजूत घालायला पाळकसाहेबांना पाठवू का?"

प्रिय भाऊ, सलाम.

सगळ्यात आधी एक गोष्ट सरळच विचारते. यहूदानं शेवटी स्वतःचा जीव दिला; स्वतःला यहूदा म्हणताना तसा विचार तुमच्या मनात येतो का? येत असेल तर हे पत्र बाजूला ठेवा, आईला सांगा आणि १४४१६ वर फोन लावा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, रात्रंदिवस चालते, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. विश्वास कमी पडला म्हणून फोन केला, असं समजू नका. ताप आला तर आपण प्रार्थनाही करतो आणि दवाखान्यातही जातो.

आता यहूदाबद्दल. त्याचं नाव तुम्ही घेतलंत, पण त्याची गोष्ट शेवटपर्यंत पुन्हा एकदा वाचा. योहानानं आपल्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात लिहूनच ठेवलंय की थैलीतले पैसे तो काढून घ्यायचा. पुढच्याच अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो, तेव्हा यहूदा तिथंच बसलेला आहे. त्याच्या मनात काय शिजतंय ते येशूला ठाऊक आहे, तरी त्याला वगळून बाकीच्यांचे पाय धुतले असं झालं नाही. मग मत्तयाचा सत्ताविसावा अध्याय. यहूदाला पस्तावा होतो. येशूला धरून देण्याबद्दल मिळालेली तीस नाणी घेऊन तो मुख्य याजकांकडे जातो, मी पाप केलं म्हणतो, पैसे परत करतो. तीसच्या तीस. आणि याजक त्याला म्हणतात, त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ.

भाऊ, इथं जरा थांबा. आधी फेडू आणि मग येऊ, हा जो रस्ता तुम्ही धरू पाहताय, त्या रस्त्यानं यहूदा गेला होता. पैसे पुरते फेडून झाले होते. नव्हता तो फक्त त्याला जवळ घेणारा माणूस, आणि ज्यांचं कामच पाप्याला देवापुढं नेण्याचं, त्यांनीच दार लावून घेतलं. तुमच्या पंचांचं वाक्य वाचल्यावर मला याजकांचं तेच उत्तर आठवलं आणि फार राग आला. मंडळीच्या पैशाची काळजी त्यांनी करायलाच हवी, ते त्यांचं काम आहे. पण तोंड कधी दाखवायचं हे ठरवणं त्यांच्या हातात दिलेलं नाही.

येशूला धरलं त्याच रात्री त्याचा शिष्य पेत्रही पडला. कोळशाच्या शेकोटीपाशी उभा राहून त्यानं तीनदा सांगितलं की हा मनुष्य माझ्या ओळखीचा नाही. ते कशानं भरून निघणार होतं? त्यानं काहीच भरलं नाही. तो रडला आणि बाकीच्यांच्या सोबतीत राहिला, एवढंच. पुढं पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठावर येशू भेटला तेव्हा तिथंही कोळशाचा विस्तव होता, वर मासळी, सोबत भाकर. येशू म्हणाला, या, न्याहारी करा. माझ्यावर प्रीती करतोस का, हा प्रश्न तीनदा आला खरा, पण सगळ्यांचं खाऊन झाल्यावर आला. हा क्रम नीट लक्षात ठेवा. तारणाविषयी जे मला सांगायचं आहे ते सगळं या क्रमात आहे.

तुम्हाला जवळचा वाटावा असा आणखी एक जण आहे, जक्कय. यरीहोचा मुख्य जकातदार. रोमी राज्यासाठी आपल्याच लोकांकडून वसुली करायची आणि वरचं स्वतःच्या खिशात घालायचं, असा हा धंदा. गावात त्याला कोण मान देणार? येशूला बघायला तो उंबराच्या झाडावर चढला, कारण ठेंगणा होता आणि गर्दीतून त्याला कुणी वाट दिली नसती. येशूनं त्याला नावानं हाक मारली आणि म्हणाला, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. पैसे परत कर मग येतो, असं तो म्हणाला नाही. लोक लगेच कुरकुरले, पापी माणसाच्या घरी पाहुणा गेला म्हणून. आणि जक्कय उभा राहून आपणहून म्हणाला, माझं अर्धं धन गरिबांना देतो, कुणाचं लबाडीनं घेतलं असेल तर चौपट परत करतो. मोशेच्या नियमशास्त्रात कबुली देणाऱ्यानं मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यावा असं आहे. जक्कय त्याच्या कितीतरी पुढं गेला. कुणी मागितलं नव्हतं, घरात तारण आलं म्हणून हात सैल सुटला.

तर तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: फेडायचं आहेच, पूर्ण फेडायचं आहे, पण ते आत येण्याचं तिकीट म्हणून नाही. आधी आत या आणि आत राहून फेडा.

तुम्ही बाहेरूनच गायनं ऐकता, म्हणजे तुम्हाला वाटतं, मी बाहेरचा झालो. मला वाटतं तुम्ही हरवलात ते आत असतानाच. लूकच्या पंधराव्या अध्यायात येशूच्या दाखल्यांतलं हरवलेलं मेंढरू आणि धाकटा मुलगा आपण नेहमी ऐकतो, मधल्या नाण्यावर फारसं कुणी बोलत नाही. मेंढरू रानात हरवलं, मुलगा दूर देशी गेला, नाणं मात्र घरातल्या घरात हरवलं. दहा नाण्यांतलं एक. दिवा लावून, घर झाडून ते शोधावं लागलं. तुम्ही वर्गणी गोळा करत होता, पावत्या फाडत होता, दर रविवारी पहिल्या गायनाला हजर होता, आणि तेव्हाच हरवला होता. घरातलं कुणी दिवा घेऊन तुमच्याकडे आलं नाही. हा दोष मी तुमच्या खात्यावर लिहिणार नाही. चोरी तुमची. पण महिनोन्‌महिने एकाच माणसाच्या हातात पैसा ठेवून पासबुक न पाहणाऱ्या मंडळीनंही दिवा लावला नव्हता.

आता करिंथचा अध्याय. सत्ताविसाव्या वचनावर तुम्ही अडलात, कारण बहुतेक वेळा तेवढंच वाचलं जातं. एकविसाव्यापासून वाचा. करिंथात पैसेवाले आपापलं आधी खाऊन पिऊन घेत आणि गरीब विश्वासी उपाशी राहत. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, म्हणून हे पत्र लिहिणारा पौल रागावला आहे. ज्याला आपल्या पापानं झोप येत नाही असा माणूस त्याच्यासमोर नव्हताच. आणि अठ्ठाविसावं वचन सांगतं की माणसानं स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी. परीक्षा करून घरी बसावं, असं तिथं नाही. तुमची परीक्षा गेल्या नाताळापासून चालली आहे. तुमच्या मंडळीच्या शिस्तीप्रमाणे पाळकसाहेबांनी काही काळ थांबायला सांगितलं तर थांबा, पण उपासनेत बसून थांबा, रस्त्यावर नको.

तुमच्या पंचांनी हे वाचलं तर बरं होईल म्हणून पंडिता रमाबाईंची आठवण देते. इंग्लंडमध्ये वाँटेजच्या सिस्टर्सनी, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती जोगिणींनी, त्यांना लंडनमधलं फुलहॅमचं काम दाखवलं. ज्यांना जग पतित म्हणतं अशा बायकांना तिथं सांभाळून पुन्हा उभं करत. अशा बायकांसाठी काही करायचं असतं, हे रमाबाई पहिल्यांदाच पाहत होत्या. ख्रिस्ती लोक हे कशासाठी करतात, असं त्यांनी विचारलं तेव्हा एका सिस्टरनं त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेली, आता ज्याच्याजवळ राहते तो नवरा नाही अशी, विहिरीवर एकटी आलेली बाई. येशूनं तिच्याकडे पाणी मागितलं आणि खऱ्या उपासनेची गोष्ट तिच्याशी बोलला. ती गोष्ट रमाबाईंच्या मनात रुतली. पुढं पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आपल्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अशा बायकांसाठी कृपासदन उभारलं. केडगाव आपल्यापासून काही लांब नाही. ज्या मातीत हे काम झालं, तिथल्या मंडळीनं दारातून माणूस परत पाठवावा हे मला सहन होत नाही.

बायकोचं मात्र वेगळं आहे. पाळकसाहेबांना पाठवू नका. देवानं क्षमा केली तर तूही कर, हा निरोप तिच्यापर्यंत कुणाच्याही तोंडून जाता कामा नये. तिचे दागिने गेले, घर गेलं, चार लोकांत मान गेला, आणि वर तिच्या विश्वासावर बोट ठेवायचं? कृपा तुम्हाला फुकट मिळाली आहे, तिचा भरवसा तसा मिळणार नाही. एक पत्र लिहा. काय काय घेतलं ते सगळं लिहा, तिला अजून ठाऊक नसलेलंही. परत ये, असं त्यात लिहू नका. मुलांच्या खर्चाचे पैसे दरमहा न चुकता पाठवा, मंडळीच्या हप्त्याच्या आधी. ती कधी येईल, येईल की नाही, ते तिला ठरवू द्या.

मंडळीला पाळकसाहेबांच्या हाती लेखी कबुली द्या. १ लाख ४० हजार मुद्दल, त्यावर पाचवा हिस्सा २८ हजार, झेपेल तेवढा महिन्याचा हप्ता, प्रत्येक हप्त्याची पावती. चौपट देण्याच्या आवेशात नवं कर्ज काढू नका. जुगारी माणसाला एकदम सगळं मिटवून टाकायची घाई असते, ती घाई आजाराचाच भाग आहे.

आणि आजार म्हणते ते मनापासून म्हणते. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये केंद्रानं कायद्यानं बंदी आणली, पण ओढ कायद्यानं जात नाही, वेगवेगळ्या आडवाटांनी ती बोलावत राहते. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतं. तिथं किंवा जवळच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात जाऊन या. पगाराचं खातं काही वर्षं आईच्या नजरेखाली ठेवा, मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय काढून टाका.

पुढं कधीतरी मंडळी मन मोठं करून म्हणेल, जुनं झालं ते झालं, पुन्हा खजिनदार हो. आभार माना आणि नको म्हणा. गायनात उभे राहा, सणाला मंडप घाला, आजाऱ्यांच्या भेटीला जा, पण पेटीची किल्ली दुसऱ्याकडेच असू द्या.

तुमची,
ताई