पैलवानाचा गुडघा आणि मान

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा असून तीन वर्षे तालमीत नियमित जोर-बैठका मारतो. यंदा वस्तादांनी त्याला मातीवरून मॅटवर उतरवल्यापासून दोनदा गुडघा मुरगळला व एकदा मान धरली. मेहनत कमी पडते की व्यायाम चुकतो? – एक पालक, सांगली जिल्हा

उत्तर : आपल्या पत्रावरून मेहनत कमी पडते असे वाटत नाही. जोर-बैठकांनी छाती, खांदे आणि मांड्या भक्कम होतात व दमही वाढतो. परंतु त्यांत शरीर एकाच ठरलेल्या रेषेत वर-खाली होते, आणि गुडघा दुखावतो तो बहुधा पाय रोवलेला असताना अंग वळले म्हणजे. मातीत पाय थोडा सरकतो. मॅटवर बुटाची पकड घट्ट असल्यामुळे तो जागीच राहतो आणि सगळा पीळ गुडघ्याच्या अस्थिबंधांवर येतो. एकेरी पटात, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने एकच पाय धरून पाडण्याच्या डावात, पाय अडकलेला असताना हा धोका अधिक. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाटला उपांत्यपूर्व लढतीतून स्ट्रेचरवरून न्यावे लागले, ते गुडघ्याच्या दुखापतीमुळेच.

म्हणून बैठकांची संख्या वाढवण्यापेक्षा त्यांत थोडी घट करून एका पायावरची अर्धी बैठक घ्यावी, आणि तीत गुडघा आत झुकत नाही ना, हे वस्तादांनी समोर उभे राहून पाहावे. मांडीची मागची बाजू बैठकांत मागे राहते. तिच्यासाठी मुलाने गुडघे टेकावेत, जोडीदाराने त्याचे घोटे दाबून धरावेत आणि त्याने कंबर न मोडता सावकाश पुढे झुकत जावे. सुरुवातीला पाच-सहा वेळा पुरे. दुसऱ्या दिवशी मांड्या कशा दुखतात ते कळेलच.

मानेसाठी पूल, म्हणजे डोके व पाय जमिनीवर टेकवून अंगाची कमान करणे, हा आपल्याकडचा जुना व्यायाम आहे आणि तो टाकू नये. मात्र पुलावर असलेल्या मुलाच्या पोटावर दुसऱ्याला बसवण्याची हौस या वयात अजिबात नको. आधी तळहात कपाळावर, मग दोन्ही बाजूंना व मागे लावून, मान न हलवता आठ-दहा सेकंद दाब द्यावा. काही आठवड्यांनी हातांच्या आधाराने पूल करावा आणि आधार हळूहळू कमी करावा. पडण्याचाही सराव हवा : हनुवटी छातीशी घ्यावी आणि हात ताठ करून जमिनीवर टेकू नये, कारण कोपर निखळते ते तसेच.

हे सारे अंग तापवल्यानंतर, पण थकण्यापूर्वी करावे. बैठकांनी पाय जड झालेले असताना जोड लावून लढत करू नये.

एकच गुडघा दोनदा मुरगळला असल्यास, अथवा तो सुजत, अडकत किंवा चालताना दगा देत असल्यास, वरील व्यायामांपूर्वी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि तोवर जोरकस मालिशही थांबवावी. मान दुखताना हाताला मुंग्या येत असतील, तर त्याच दिवशी तपासून घ्यावे.