वाचनवर्गाचा परिणाम मोजायचाय: विद्यापीठाच्या मूल्यमापन केंद्राकडे कधी जावं, आणि काय घेऊन?

तुमचा प्रश्न असा आहे: संस्था मुंबई महापालिकेच्या मराठी शाळांत तिसरी-चौथीसाठी वाचनवर्ग चालवते, जूनपासून ४० शाळांत जायचंय, पहिल्या वर्षी पैसे २० शाळांपुरतेच आहेत, आणि देणगीदार ‘परिणाम दाखवा’ म्हणून मागे लागलाय. मार्चमध्ये चाचणी घेऊन तो डेटा विद्यापीठाला दिला तर चालेल का?

नाही चालणार. जायचं तर आत्ता जा, कोणत्या २० शाळा हे ठरायच्या आधी. चाचणीतल्या चुका थोड्याफार नंतर निस्तरता येतात. पण तुलनेला गटच नसेल, तर ती उणीव कुठलंही सॉफ्टवेअर भरून काढत नाही. तिसरीतलं मूल जून ते मार्च या काळात वर्गशिक्षकांमुळे, घरच्यांमुळे, नुसतं वय वाढल्यामुळेही वाचायला शिकतंच. त्यातला तुमचा वाटा किती, हा खरा प्रश्न. त्यात तुम्ही बेसलाइनमधली, म्हणजे सुरुवातीच्या चाचणीतली, सगळ्यात मागे पडलेली मुलं वर्गाला निवडत असाल तर अडचण दुप्पट होते. त्या दिवशी ताप होता, बिचकलं होतं म्हणून कमी गुण पडलेली मुलंही त्यात येतात, आणि ती पुढच्या चाचणीत काहीही न करता वर सरकतात. अहवालात हीच वाढ ‘कार्यक्रमाचं यश’ म्हणून छापली जाते.

तुमच्याकडे मात्र आयती संधी आहे. पैसे २० शाळांचेच आहेत, म्हणजे उरलेल्या २० यंदा तशाही थांबणार. मग कोण आधी हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. कुणावर अन्याय होत नाही आणि तुलनेचा गट फुकटात मिळतो. शाळा थांबायला तयार नसतील तर दुसरा मार्ग मुंबईतच वापरून झालाय. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाचं (बालसखी म्हणजे मागे पडलेल्या मुलांना शिकवणारी वस्तीतलीच तरुणी) मूल्यमापन वडोदरा आणि मुंबईत झालं. त्यात काही शाळांना तिसरीसाठी बालसखी मिळाली, बाकीच्यांना चौथीसाठी. एकही शाळा रिकाम्या हाती राहिली नाही, तरी प्रत्येक इयत्तेला तुलना मिळाली.

चिठ्ठी शाळेची नको, इमारतीची टाका. महापालिकेच्या एकाच इमारतीत शाळा क्रमांक १, शाळा क्रमांक २, सकाळचं अधिवेशन, दुपारचं अधिवेशन असा संसार असतो. तळमजल्यावर तुमचा वर्ग आणि वरच्या मजल्यावर तुलनेची शाळा असली, की तुमची गोष्टींची पुस्तकं आठवड्याभरात जिना चढतात.

आता किती मुलं तपासायची. इथे बहुतेक संस्था पैसे वाया घालवतात. एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात, म्हणून हजार मुलं तपासली तरी ती हजार स्वतंत्र मुलं धरता येत नाहीत. शाळाअंतर्गत सहसंबंध, म्हणजे हा सारखेपणा, ०.१५ धरला आणि दर शाळेत २५ मुलं घेतली, तर गुणक (माहिती कितीपट घटते तो आकडा) येतो १ + २४ × ०.१५ = ४.६. म्हणजे ४० शाळांतली १००० मुलं साधारण २१७ स्वतंत्र मुलांइतकीच माहिती देतात. आता दर शाळेत १२ मुलं घ्या: गुणक २.६५, एकूण मुलं ४८०, माहिती १८१ मुलांइतकी. तपासणीचा खर्च अर्ध्यावर आला आणि गमावलं फारच थोडं. वाचलेल्या पैशात शाळा वाढवा, मुलं नको.

२१७ मुलांच्या माहितीवर, नेहमीच्या निकषांनी, साधारण ०.३८ प्रमाण विचलनाचा (मुलांचे गुण किती विखुरलेत त्याचं माप) किंवा त्याहून मोठा फरकच बऱ्यापैकी खात्रीने दिसतो. बेसलाइनचे गुण हिशेबात धरले आणि त्यांनी गुणांमधला निम्मा फरक उलगडला, तर ०.२७ च्या आसपास. बालसखीत पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ इतकी वाढ दिसली होती. तेव्हा ४० शाळांत एका वर्षात ‘फरक दिसला नाही’ असं उत्तर आलं, तर त्याचा अर्थ ‘कार्यक्रम फुकट’ असा होत नाही. देणगीदाराला हे आधीच लिहून द्या.

चाचणीकडे वळू. पॅटचे (राज्याच्या नियतकालिक मूल्यांकन चाचणीचे) गुण वापरू नका. पेपर त्याच वर्गाचे शिक्षक तपासतात आणि प्रश्न तुमच्या कामासाठी बेतलेले नसतात. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाची अक्षर-शब्द-परिच्छेद-गोष्ट ही शिडी झटपट गटवारीला उत्तम, पण पायऱ्या मोजक्याच. परिच्छेद अडखळत वाचणारं मूल सहा महिन्यांत सफाईने वाचू लागलं तरी त्याच पायरीवर दिसू शकतं. त्यामुळे सोबत एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले ते मोजा आणि आकलनाचे २० प्रश्न ठेवा.

२० प्रश्न हवे असतील तर ३५ लिहा, बरेच गळतात. उतारा असा: ‘पाऊस आला. मीनाने छत्री घेतली. वाटेत तिला भिजलेलं पिल्लू दिसलं. तिने छत्री पिल्लावर धरली.’ आणि प्रश्न ‘मीनाने छत्री का घेतली?’ हा प्रश्न बाद. उतारा झाकून विचारला तरी मुंबईतलं कुठलंही मूल उत्तर देईल. ‘मीना का भिजली?’ हे विचारा. ती भिजली असं उताऱ्यात कुठेच म्हटलेलं नाही, मुलाला दोन वाक्यं जोडावी लागतात. जोडाक्षरंही मोजून ठेवा. एका उताऱ्यात दोन आणि दुसऱ्यात अकरा असतील तर दोन्हींचा वेग शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

मग ४० शाळांच्या बाहेरच्या १२० मुलांवर पूर्वचाचणी घ्या. एकूण गुणांनी उतरत्या क्रमाने लावा, वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के, म्हणजे ३२-३२ मुलं वेगळी काढा. एखादा प्रश्न वरच्यांत २६ आणि खालच्यांत १० मुलांना आला, तर भेदनमूल्य, म्हणजे प्रश्न पक्की-कच्ची मुलं किती वेगळी करतो ते, (२६ − १०) ÷ ३२ = ०.५, छान प्रश्न. ०.२ च्या खाली आला तर दुरुस्त करा किंवा टाका. उणे आला तर आधी उत्तरसूची तपासा, अनेकदा ती चुकलेली असते किंवा दोन उत्तरं बरोबर असतात. काठिण्यमूल्य, म्हणजे बरोबर उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण, बहुतेक प्रश्नांत ०.३ ते ०.८ मध्ये पसरलेलं हवं. बेसलाइनला निम्म्या मुलांना शून्य पडलं तर त्यांच्यातला फरकच हरवतो, म्हणून चार-पाच अगदी सोपे प्रश्न मुद्दाम ठेवा. विश्वसनीयतेचा अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात तो आकडा) ०.८ च्या आसपास आला की पुढे जा. एंडलाइनला, म्हणजे वर्षअखेरच्या चाचणीला, तोच पेपर नको, दुसरा संच काढा. पण सहा-सात प्रश्न दोन्हींत सामाईक ठेवा, नाहीतर दोन्ही वेळचे गुण एका पट्टीवर आणता येणार नाहीत.

चाचणी तुमचे वर्ग घेणाऱ्या ताईंनी घ्यायची नाही. मुलं त्यांना ओळखतात आणि त्या नकळत ओठ हलवून सुचवतात. बाहेरचे तपासनीस घ्या, त्यांना कोणती शाळा कुठल्या गटात आहे ते सांगू नका, आणि दहातल्या एका मुलाचं वाचन दोघांना स्वतंत्रपणे नोंदवायला लावा. एंडलाइन फेब्रुवारीच्या शेवटी उरका. वार्षिक परीक्षा तोंडावर आल्या की शाळा वेळ देत नाहीत, आणि नंतर पोरं गावी जातात. गैरहजर मुलांसाठी प्रत्येक शाळेत दुसरी फेरी धराच. तुलनेच्या शाळांतली कच्ची मुलं जास्त गळली तर तो गट उगाच हुशार दिसतो.

मुंबईत मुंबई विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र विभाग, एसएनडीटी महिला विद्यापीठ आणि देवनारची टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) इथे शिक्षणावर संशोधन चालतं. नावावर जाऊ नका. जो प्राध्यापक हे काम अंगावर घेणार, त्याने आधी केलेल्या चाचणीचा प्रश्न-विश्लेषणाचा तक्ता बघायला मागा. जाताना शाळांची यादी यू-डायस (शाळेचा सरकारी नोंदणी) क्रमांक आणि इमारतीच्या पत्त्यासह, तिसरी-चौथीचा पट, आणि वर्गात आठवड्याला किती तास काय चालतं याचं पानभर वर्णन न्या. महापालिकेच्या शिक्षणाधिकारी कार्यालयाची परवानगी, पालकांची संमती आणि विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी या तिन्हींचे अर्ज एकदमच टाका. करारात दोन वाक्यं असू द्या: कच्चा डेटा मुलांची नावं काढून दोघांकडे राहील, आणि निष्कर्ष उलटा आला तरी अहवाल प्रसिद्ध होईल. दुसऱ्या वाक्यावर तुमचेच विश्वस्त अडतील, तेव्हा ते कराराच्या पहिल्या मसुद्यातच घाला.