बहिरी ससाण्याला खरंच ऐकू येत नाही का? पक्ष्यांची मराठी नावं पडली कशी?

तुमचे दोन प्रश्न आहेत: बहिरी ससाणा बहिरा असतो का, आणि एकूणच पक्ष्यांची मराठी नावं कशावरून पडली.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. त्याला व्यवस्थित ऐकू येतं. अरबीत ‘बह्र’ म्हणजे समुद्र आणि ‘बहरी’ म्हणजे दर्यावरचा. शिकारी पक्षी पाळणाऱ्यांच्या बोलीतून हा शब्द आपल्याकडे आला आणि मराठी जिभेवर ‘बहिरी’ झाला. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे हे ससाणे किनारे, खाड्या, मोठे जलाशय धरून राहतात, त्यामुळे नाव त्यांना शोभतंही. ‘शिकरा’ आणि ‘शाहीन’ ही इतर शिकारी पक्ष्यांची नावं फारसीतून आलेली. ‘ससाणा’ मात्र संस्कृत ‘शशादन’वरून, म्हणजे सशाला खाणारा. जुन्या शब्दाचा आजच्या मराठीवरून अर्थ लावला की अशी फसगत होते, आणि नावांच्या बाबतीत सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

बाकीच्या नावांत सर्वांत जुना आणि भक्कम आधार आवाजाचा आहे. टिटवी स्वतःचंच नाव ओरडते. संस्कृतातही ती ‘टिट्टिभ’च आहे. पावशाची हाक शेतकऱ्याला ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ अशी ऐकू येते. ती पावसाच्या तोंडावर वाढते, म्हणून तो पावशा. त्याला चातक समजू नका. चातक काळापांढरा, डोक्यावर तुरा असलेला, आणि मोसमी वाऱ्यांबरोबर आफ्रिकेकडून येणारा. पावशा राखाडी, दिसायला थेट शिकऱ्यासारखा. दोघेही अंडी बहुतेक सातभाईंच्या घरट्यात घालतात, हा त्यांच्यातला सारखेपणा.

तांबटाचं नाव मला सर्वांत नेमकं वाटतं. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा ‘टुक्, टुक्’ आवाज, मिनिटाला साधारण 110 ते 120 वेळा, एका लयीत. दुर्बिणीतून पाहिलंत तर चोच मिटलेलीच दिसेल. प्रत्येक ‘टुक्’ला गळ्याच्या दोन्ही बाजूंची उघडी कातडी फुग्यासारखी फुगते आणि बसते, डोकं हलतं. डोकं ज्या दिशेला वळेल तसा आवाज जवळ-लांब वाटतो, म्हणून पक्षी सापडता सापडत नाही. वडापिंपळाच्या वरच्या, निष्पर्ण फांदीवर शोधा.

धंद्यावरून पडलेली नावंही अशीच निरीक्षणातून आलेली. शिंपी पानाच्या कडा खरोखर टाचतो. कोतवाल घरट्याच्या झाडाजवळ कावळा किंवा घार फिरकू देत नाही, आणि त्या आसऱ्याने होले, बुलबुल, हळद्या त्याच झाडावर घरटी करतात. सुगरणीच्या नावात मात्र घोटाळा आहे: घरटं विणतो नर. गवताच्या, भाताच्या पात्यांच्या लांब पट्ट्या आणायला तो शेकडो फेऱ्या मारतो. घरटं शिरस्त्राणाएवढं अर्धवट झालं की माद्या येऊन पाहणी करतात. पसंत पडलं तरच पुढची नळी विणायची, नाहीतर ते तसंच लटकत राहतं. कोकिळेचंही तेच. ‘कुहू’ काळ्या नराचं, ठिपक्याठिपक्यांची तपकिरी मादी नुसती ‘किक्-किक्’ करते.

रंगावरची नावं सोपी: हळद्या हळदीसारखा, कवड्या धीवर (काळापांढरा खंड्या) कवडीसारखा. साम्यावरून पडलेली नावं फसवतात. वेडा राघू हिरवा आहे म्हणून राघू, पण तो पोपट नव्हे, माश्या-चतुर हवेत पकडणारा पक्षी आहे. कोकणात मोठ्या चोचीच्या धनेशाला ‘गरुड’ म्हणतात, पण तो गरुड नव्हे. प्राण्यांतही तसंच: खवल्या मांजर हे मांजर नाही. आणि लहान मुलांच्या पुस्तकांत इंग्रजीतल्या ‘फॉक्स’चा सर्रास ‘कोल्हा’ होतो, तो तर खोकड. कोल्हा म्हणजे ‘जॅकल’. ही चूक मला फार खटकते, कारण त्यामुळे खोकड हा चांगला, चालता शब्द मुलांपर्यंत पोचतच नाही.

तुम्हाला तुमच्या भागातली नावं गोळा करायची असतील तर चित्र दाखवून विचारू नका. चित्रात पक्षी केवढा ते कळत नाही, मग होला आणि पारवा एकच होऊन बसतात. पक्षी समोर असताना विचारा, नाहीतर आवाज ऐकवा. ‘याला कोतवाल म्हणतात ना?’ असं विचारलंत तर माणूस भिडेपोटी ‘हो’ म्हणतो. त्यापेक्षा ‘हा काय म्हणतो?’, ‘कुठल्या महिन्यात दिसतो?’ असं विचारा. उत्तरातून पुष्कळदा नावाचं कारणच हाती येतं. वहीत गाव, महिना आणि सांगणाऱ्याचा व्यवसाय लिहा. मेंढपाळ, भातशेती करणारा आणि मासेमार एकाच पक्ष्याला वेगळं नाव देतात.

मग शब्द मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात पाहा, शक्यतो 1857 ची दुसरी आवृत्ती. शब्दाच्या पुढे कंसात मूळ भाषेचं अक्षर असतं: संस्कृत, अरबी, फारसी, हिंदुस्तानी. अर्थ मात्र कित्येकदा ‘एक पक्षी’ एवढाच दिलेला असतो, त्यामुळे कोशावरून पक्ष्याची जात ठरवू नका. ती प्रत्यक्ष पक्षी पाहूनच ठरवा, आणि प्रत्येक स्थानिक नावाशेजारी शास्त्रीय नाव लिहा. भारद्वाज, सोनकावळा, कुंभारकावळा हे तीन पक्षी नसून एकच आहे, हे त्याशिवाय तुमच्या वहीत कळणार नाही.